अ, ब आणि आमची भाची

निवड कशी करावी हे आमच्या पिढीला कुणी शिकवलेच नाही, कारण तसा प्रसंगच फारसा येत नसे. स्कूटर म्हटली की बजाज. ती घ्यायची की नाही एवढेच आपल्या हातात. कधी मिळायची ते बजाजच्या हातात. माझ्या थोरल्या भावाने लग्न ठरण्याच्या आधी स्कूटरसाठी नाव नोंदवले, आणि स्कूटर दारात आली तेव्हा पुतण्या हँडल धरून पुढे उभा राहण्याएवढा झाला होता. मनगटी घड्याळ म्हटले की एचएमटी. टेलिफोन म्हटला की तो काळा, चोराच्या डोक्यात घालता येईल इतका वजनदार, आणि अर्ज केल्यावर कैक वर्षांनी घरी येणारा. 'कुठला घेऊ?' असे कुणी विचारले नाही. 'दोहोंपैकी काय?' हा प्रश्न आम्हाला विचारला जाई तो लोकांच्या घरी, 'चहा की कॉफी?' असा, आणि आपण कॉफी म्हटले की आतून चहाच येई.

अशा माणसाला कुणी मोबाइल निवडायला बरोबर न्यावे का? पण आमच्या भाचीने नेले. भाची म्हणजे माझ्या सर्वांत धाकट्या बहिणीची मुलगी. कऱ्हाडची. पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते, आणि मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असल्यामुळे दर रविवारी रात्री आमच्याकडे जेवते. २०२५ ची दिवाळी करून ती परत आली त्या रविवारी तिने आपला फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मामा, हा गेला."

मी उचलून पाहिला. चालू होता. वेळ बरोबर दाखवत होता. माझ्या मनगटावरच्या घड्याळापेक्षाही बरोबर.

"गेला म्हणजे?"

"बँकेचं ॲप म्हणतं, तुमचा फोन जुना झालाय, ह्यावर आता चालणार नाही. स्कॉलरशिपचे पैसे आले का तेही कळत नाही. मेसवाल्याला रोख द्यावे लागतायत."

हा फोन २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा घेतलेला. पोरगी दहावीत, वर्ग फोनवर, आणि घरात फोन एकच, तोही मेहुण्यांच्या खिशात. म्हणून मेहुण्यांनी पतसंस्थेकडून कर्ज काढून घेतला होता. दहावी, बारावी आणि निम्मे-अधिक बी.एस्सी. त्या फोनने पार पाडले. काचेला एक तडा आहे, बॅटरी दुपारी चारला मान टाकते, पण बाकी प्रकृती ठणठणीत. तरीही तो 'गेला'. मी सरकारी नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी असाच गेलो होतो. कामाला काही झाले नव्हते, तारीख झाली होती. फरक इतकाच, की माझी तारीख मला नोकरी लागली त्या दिवशीच सर्व्हिस बुकात लिहून दिलेली होती. ह्या फोनची कुणीच सांगितली नव्हती.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. भांडण त्यावरूनच आहे.

भाचीकडे चौदा हजार रुपये होते. दहा मेहुण्यांनी पाठवलेले आणि चार तिने शिकवण्यांतून साठवलेले. वसतिगृहाजवळच्या दोन मुलांना ती गणित शिकवते. दोघांचे मिळून महिना दीड हजार. ह्या पैशांत तिने शोधत शोधत पस्तीस फोनांवरून गाडी दोन फोनांवर आणली होती, आणि तिथे ती आठ दिवस उभी होती. त्या दोन फोनांची नावे मी सांगणार नाही. एक तर ती माझ्या लक्षात राहिली नाहीत. दोन्हींत एकच इंग्रजी अक्षर, एक आकडा, आणि पुढे 'प्रो', 'प्लस', 'निओ' अशी शेपटी. सोयीसाठी आपण अ आणि ब म्हणू. अंकगणितात एक काम अ आणि ब मिळून किती दिवसांत करतात असे विचारत. इथे अ आणि ब मिळून भाचीचे डोके किती दिवसांत खातात, असे उदाहरण होते.

अ ची किंमत १३,४९९. ब ची १४,९९९. म्हणजे ब साठी आणखी हजार रुपये हवेत. हजार रुपये म्हणजे तीन आठवडे दोन पोरांना त्रिकोणमिती.

तिने वहीत तक्ता केला होता. मी चष्मा लावून वाचला. वजनात दोन ग्रॅमचा फरक. पडद्याच्या आकारात एका इंचाचा शंभरावा का काय भाग. बॅटरी दोघांची पाच हजार. अ चा कॅमेरा ५० मेगापिक्सेल, ब चा १०८. हे वाचून मी वडीलधाऱ्या अधिकाराने म्हणालो, "मग ब घे की! दुपटीहून जास्त आहे." त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने मी माझ्या साहेबांकडे पंधरा वर्षे पाहत होतो.

"मामा, तो एकशे आठ फक्त सांगायला. रोजचा फोटो काढताना नऊ ठिपक्यांचा एक करतात. शेवटी फोटो येतो बाराचाच. आणि पन्नासवाला चाराचा एक करतो. त्याचाही बाराचाच."

म्हणजे एकाकडे एकशे आठ पाहुणे जेवले, दुसऱ्याकडे पन्नास; आणि आहेर दोघांकडे बारा-बाराच आले! ठिपके असे एकत्र केल्याने अंधारात फोटो बरा येतो, हे मला मान्य आहे. पण मग खोक्यावर बारा लिहा ना. नाही, तिथे एकशे आठ, आणि तेही चणे-फुटाणेवाल्याच्या पाटीसारख्या अक्षरांत. ब च्या पाठीवर तीन भिंगे होती. त्यांतली दोन दोन-दोन मेगापिक्सेलची, म्हणजे कॅमेऱ्यांमध्ये कॅमेरा दिसावा म्हणून बसवलेली. आमच्या लहानपणी जावळ काढलेल्या बाळाच्या टोपीला काचेचे डोळे लावत, त्यातला प्रकार.

मेमरीची गंमत तर विचारूच नका. 'बारा जीबी' असे मोठ्या अक्षरांत, आणि खाली मुंगीच्या अक्षरांत '६+६'. त्यातले सहा खरे. बाकीचे सहा म्हणजे फोटो-गाणी ठेवायच्या जागेतली थोडी जागा उसनी घेऊन तिलाच मेमरी म्हणायचे. तिचा वेग खऱ्या मेमरीच्या पासंगालाही लागत नाही. आमच्या दोन खोल्यांच्या जागेला माळा आहे. पाहुणे आले की मी माळ्यावर झोपतो. पण म्हणून उद्या जागा विकायला काढली तर जाहिरातीत 'तीन खोल्या' लिहिण्याचे धाडस मला व्हायचे नाही.

बरे, ही दोन मूळची परकी माणसे असती, तर त्यांची तुलना करण्यात काही अर्थ तरी होता. पण ह्या धंद्यातले कूळ-मूळ काढायला गेलो तर निम्मा बाजार एकमेकांचा मावसभाऊ निघतो. रिअलमी २०१८ साली ओप्पोच्या घरातच सुरू झाला. पोको त्याच वर्षी शाओमीच्या घरी जन्मला. २०२० च्या जानेवारीत 'आम्ही वेगळे निघालो' असे पोकोने जाहीर केले, आणि फेब्रुवारीत वेगळ्या चुलीवरचा पहिला फोन आणला, एक्स-२. तो चीनमध्ये शाओमीच्याच रेडमी घराण्यात के-३० या नावाने आधीच नांदत होता. वेगळी चूल म्हणजे काय हे आम्हा मराठी माणसांना कुणी शिकवायला नको. भिंत घालतात, दार वेगळे करतात, आणि आमटी त्याच पातेल्यातून येते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. ते म्हणाले, "अहो, तुमच्या त्या बजाजच्या रांगेपेक्षा हे बरंच की! स्पर्धा आहे म्हणून तर किंमत खाली आली." हे त्यांचे म्हणणे मी एकदम झटकून टाकणार नाही. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडत होते. आज शिकवण्या करणारी पोरगी खिशात फोन बाळगते, हा पराक्रम स्पर्धेचाच. पण स्पर्धा कशात आहे ते तर पाहाल? कॅमेऱ्याच्या आकड्यात, रंगांच्या नावांत, खोक्याच्या चकाकीत. भाचीला जे विचारायचे आहे त्यात कुणी स्पर्धा करतच नाही. तिला दोनच गोष्टी हव्यात. हा फोन किती वर्षे चालेल, आणि फुटला तर कितीत दुरुस्त होईल.

हे दोन प्रश्न घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकान मोठे, थंडगार, आणि तिथले पोरगे वयाने भाचीएवढेच. त्याने 'सर' म्हणून माझे स्वागत केले, पण बोलत राहिला फोनशी. भाचीने विचारले, "ह्याला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार?"

"मॅडम, अपडेट येतच राहतात."

"हो, पण कधीपर्यंत?"

"कंपनी देतेच मॅडम. हे बघा, ह्याचा कर्व्ह बघा."

कर्व्ह पाहिला. छान होता. मी खोके हातात घेऊन सर्व बाजूंनी वाचून काढले. सरकारी नोकरीत कागदाची मागची बाजू वाचायची सवय लागते. त्यावर किंमत होती, बनवल्याचा महिना होता, कंपनीचा पत्ता होता, तक्रारीचा नंबर होता, आणि 'निव्वळ प्रमाण: १ नग' असेही होते. एकच आहे ही खात्री सरकारने करून घेतली होती. पण तो एक नग किती दिवस टिकेल, त्याचा शब्द नाही. अहो, पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते! दुधाच्या पिशवीवर असते, खोकल्याच्या औषधावर असते. आणि चौदा हजारांच्या खोक्यावर, ज्यातल्या मालाला शिळे होण्याची तारीख असते हे कंपनीला पक्के ठाऊक आहे, त्यावर नाही!

पोरग्याने मग ब च्या खोक्यावरची छापील किंमत दाखवली. एकोणीस हजार नऊशे नव्याण्णव. "पाच हजार ऑफ आहे, सर. आजच्यापुरतं. आणि नो-कॉस्ट ईएमआय." इथे मात्र बँकवाले काका कामाला आले. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज मुळात नसते. ते व्याज कुठेतरी सवलतीच्या पोटात दडवलेले असते, वर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी. 'फुकट' ह्या शब्दाचे इंग्रजी भाषांतर करताना काय काय घालता येते ते काकांनी आम्हाला जिना चढता चढता समजावले होते. आम्ही "विचार करून येतो" म्हणालो. दुकानदाराला हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या कळत आलेले आहे.

तिथून तपकीर गल्लीत. ज्यांना पुणे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे विजेच्या सर्व वस्तूंचे माहेर. तिथे एका फळकुटावर भिंग डोळ्याला लावून बसलेल्या दुरुस्तीवाल्याला भाचीने तक्ता दाखवला. त्याने मान वर न करता सांगितले, "ब चा डिस्प्ले आहे आपल्याकडं. बॅटरी पण मिळंल. अ नवीन आलाय, त्याचा माल अजून नाय. फुटला तर सा-आठ महिनं कंपनीतच जायला लागंल, आणि कंपनी निम्म्या फोनाचं पैसं घेती."

एका मिनिटात जे कळले ते दुकानात तासभर कळले नव्हते. आणि त्याने जुन्या फोनकडे पाहून म्हटले, "ह्याला काय झालंय? बॅटरी टाकतो, दोन वर्षं पळंल." भाचीने बँकेच्या ॲपचे सांगितले. तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. "त्याला माझ्याकडं स्क्रू-ड्रायव्हर नाय, ताई."

मला त्या वाक्याचा राग आला. त्याचा नव्हे, त्याच्यावर तसे म्हणायची वेळ आणणाऱ्यांचा. कारण हे करता येत नाही अशातला भाग नाही. गूगलने २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्या पिक्सेल-८ ला सात वर्षे अपडेट देऊ म्हणून सांगितले, सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत एस-२४ ला तेच सांगितले. दोन्ही फोन पाऊण लाखाच्या आसपासचे. म्हणजे ज्याला दर दोन वर्षांनी नवा फोन घेणे परवडते त्याचा फोन सात वर्षे तरुण, आणि जिला पाच वर्षे पुरवायचा आहे तिचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी म्हातारा! स्वस्त फोनात हे परवडत नाही म्हणावे, तर त्याच सॅमसंगने त्याच वर्षी ए-१६ हा वीस हजारांच्या आतला फोन सहा वर्षांच्या वायद्यासह आणला. मनात असले की होते. आणि मनात नसले तर कायदा लागतो. युरोपात २० जून २०२५ पासून प्रत्येक नव्या फोनबरोबर पट्टी द्यावी लागते. बॅटरी किती वेळा भरल्यावर थकेल, पडला तर किती सोसेल, दुरुस्तीला सोपा की अवघड, ह्याला अ-ब-क-ड अशी श्रेणी. सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात फोनवर दुरुस्तीचा निर्देशांक छापावा असा अहवाल दिला. अहवाल मीही पुष्कळ पाहिले आहेत, काही तर मीच टाचून फायलीत ठेवले आहेत. आम्ही दुकानात गेलो त्या दिवशीच्या खोक्यावर निर्देशांक नव्हता एवढेच मी सांगू शकतो.

त्या रात्री भाची आमच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी तिचे प्रॅक्टिकल होते. ती वही उघडून बसली आहे असे पाहून मी समाधानाने झोपलो, आणि एक वाजता पाणी प्यायला उठलो तेव्हा दिसले की वहीत रसायनशास्त्र नव्हते, अ आणि ब होते. मामीच्या फोनवर तिने दोन्ही कंपन्यांची संकेतस्थळे उपसून काढली होती. कुठल्याशा तळाच्या पानावर, बारीक इंग्रजीत, तिला उत्तर मिळाले होते.

"मामा, ब ला तीन वर्षं आहेत. पण ती आपण विकत घेतल्यापासून नाही. तो बाजारात आला तेव्हापासून. आणि तो आलाय जानेवारी चोवीसमध्ये!"

मी मनातल्या मनात बोटे मोजली. म्हणजे जानेवारी २०२७. तिची एम.एस्सी. २०२८ ला होणार. अ ह्याच ऑगस्टात आलेला, चार वर्षांचा. २०२९.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ती 'आजच्यापुरती' पाच हजारांची सवलत काय होती. मंडईत संध्याकाळी सातनंतर मेथीची जुडी निम्म्या किमतीला मिळते. मी स्वतः घेतो. पण मेथी मान टाकलेली दिसते, आपण हाताने चाचपतो, भाजीवालीही "काका, लगेच निवडा हं" म्हणून सांगते. हा फोन दीड-दोन वर्षे दुकानात पडून अर्धाअधिक शिळा झालेला, आणि दिसायला मात्र पहाटेच्या दवातला! कर्व्ह तर विचारू नका.

आता सांगा, हे शोधून काढणे हे ह्या पोरीचे काम होते का? पाऊण लाखाचा फोन घेणारा मनुष्य दुकानात जातो, रंग सांगतो आणि घरी येतो. चौदा हजारवालीने मात्र नऊ ठिपक्यांचे शास्त्र शिकायचे, रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक जाणायचे, तपकीर गल्ली पालथी घालायची आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री एकपर्यंत जागायचे. कशासाठी? तर एक ओळ, जी खोक्यावर 'निव्वळ प्रमाण: १ नग' च्या खाली आरामात मावली असती. 'अपडेट अमुक महिन्यापर्यंत.' शाईचा खर्च मी देतो.

बँकवाले काका म्हणतात, अशी तारीख छापली तर जुना माल कोण घेणार? अहो, मी घेईन! स्वस्तात द्या, तारीख सांगा, घेतो. मेथी घेतोच की.

शेवटी अ घेतला. दुरुस्तीवाल्याचा इशारा तिच्या ध्यानात होता, म्हणून चौदा हजारांतले जे पाचशे एक रुपये उरले (बरोबर आहेराचा आकडा!) त्यात तिने काचेवर काच आणि पाठीला रबरी चिलखत घेतले. फोन आता दिसतो पाटीसारखा. नव्या फोनवर बँकेचे ॲप उघडले. स्कॉलरशिप आली नव्हती, पण ती आली नाही हे निदान कळले. प्रॅक्टिकल बरे गेले म्हणते. मी खोलात शिरलो नाही.

खोके ती टाकणार होती, पण मामीने ठेवून घेतले. आमच्या घरात लोणच्याच्या प्रत्येक बरणीला चिठ्ठी असते. कुठली कैरी, कधी घातले, कधीपर्यंत खायचे. मामीने तसलीच एक चिठ्ठी फाडली, भाचीला तारखा विचारल्या, आणि खोक्यावर चिकटवली. 'फोन. घेतला नोव्हेंबर २०२५. ऑगस्ट २०२९ पर्यंत.' खोके माळ्यावर आहे. ज्या माळ्याला मी खोली म्हणत नाही, तिथे.